तात्यांचा राखण्या

शालनबाई शेडच्या दारात चपला काढतात न काढतात तोच त्यांच्या लक्षात आलं, की आज काहीतरी बिनसलंय. मापाच्या मशीनसमोरच्या त्यांच्या खुर्चीत सार्थक बसला होता आणि संगणकाच्या डब्याचं बटण दाबत होता. नुसतं दाबत नव्हता, लिफ्टपाशी उभा राहिलेला घाईचा माणूस दाबतो तसं दाबत होता. समोरचा पडदा काळाठिक्कर पडला होता.

"मावशी, हे गेलं," तो मान न वळवता म्हणाला. "सातला आलोय. पाच वेळा बंद करून चालू केलं. पडद्यावर काही म्हणजे काही येत नाही."

"काल तर चांगलं होतं की. सहाला मीच बंद करून गेले."

"काल तुम्ही गेल्यावर मी जरा अपडेट टाकला. पडद्यावर चित्र काढतो ना, तो ड्रायव्हर. नवा टाकला. आज मोनिका मॅडम येणार, म्हटलं जरा चकाचक दिसू दे."

झालं! चालत्या गाडीला खीळ घालायची हौस ती हीच. हे शालनबाई मनात म्हणाल्या, तोंडानं नाही. सार्थक मालक यशवंतरावांचा नातू. इंजिनीअर होऊन तीन वर्षांपूर्वी त्यानं कारभार हाती घेतला होता. पोरगा मनानं सरळ, कामाला वाघ, पण धीर म्हणाल तर औषधालाही नाही.

तळवड्यातली ही कंपनी. कंपनी म्हणायचं आपलं, नाहीतर पत्र्याची एक लांबलचक शेड, चौदा माणसं आणि ब्रेकच्या पिना कातणारी सहा मशीनं. पिना जायच्या चाकणला, तिथल्या मोठ्या कारखान्यात. जाण्याआधी प्रत्येक डब्यातल्या पिना मापाच्या मशीनवर बघायच्या. कॅमेऱ्याखाली पीन ठेवायची, पडद्यावर ती केळ्याएवढी मोठी दिसायची आणि शेजारी आकडा यायचा. आकडा बरोबर असेल तर डबा पास, नाहीतर बाजूला. हे काम गेली अठरा वर्षं शालनबाई करत होत्या. चौदा माणसांत खुर्चीवर बसून काम करणारं एकच माणूस, आणि ती खुर्ची त्यांची होती.

होती म्हणायचं कारण, परवाच सार्थकनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मावशी, एक तारखेपासून तुम्ही पॅकिंगला बघा. इथं मी नवीन मशीन आणतोय, त्याच्याबरोबर त्यांचा माणूस येणार आहे." बोलताना त्यानं नजर चुकवली होती, आणि का चुकवली तेही शालनबाईंना ठाऊक होतं. जानेवारीत त्यांनी पास केलेले दोन डबे चाकणहून परत आले होते. पिना जाड निघाल्या. अठरा वर्षांत जे कधी घडलं नव्हतं ते एका महिन्यात दोनदा घडलं. म्हणून तर आज अकरा वाजता चाकणच्या माल तपासणाऱ्या मोनिका मॅडम स्वतः येणार होत्या.

आणि डबे का चुकले, हे जगात फक्त शालनबाईंना माहीत होतं. त्यांना आकडे दिसत नव्हते. लांबचं सगळं लख्ख दिसायचं, रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी त्या वाचून दाखवतील, पण हातभरावरचं सगळं पुसट व्हायचं. दिवाळीनंतर सार्थकनं जुना पडदा काढून नवा रुंद पडदा आणला, "कसं शार्प दिसतंय बघा मावशी," म्हणाला, आणि त्या शार्पमध्ये अक्षरं मुंगीएवढी झाली. तीन आणि आठ सारखेच दिसायला लागले. शालनबाई "हां, लई छान," म्हणाल्या आणि अंदाजपंचे काम रेटू लागल्या.

चष्मा का नाही घेतला? तुम्ही आम्ही घेतला असता हो. पण बाईंनी एक बघितलं होतं. परांड्याकडून नव्यानं आल्या तेव्हा त्या भोसरीत एका ठिकाणी लागल्या होत्या. तिथं सोजराबाई म्हणून एक माल तपासायला होती. तिनं सोमवारी चष्मा लावला आणि पुढच्या सोमवारी तिच्या हातात झाडू होता. ती झाडूची मूठ शालनबाईंच्या डोळ्यांपुढून कधी गेलीच नाही.

"भंगारवाल्याला फोन करतो," सार्थक उठत म्हणाला. "नाहीतरी जायचंच होतं. मॅडमना सांगू, नवीन मशीन आलं की दाखवतो."

शालनबाईंनी मनात दिवस मोजले. एक तारीख अजून बारा दिवस लांब होती. बारा दिवस म्हणजे बारा दिवस. माणूस तेवढ्यावरही जगतो.

"दादा, एक तास द्या," त्या म्हणाल्या. "एकच तास. चालू करा आणि मग हात लावू नका. राखण्याला त्याचं काम करू द्या."

"कोण राखण्या?"

"तात्यांचा."

सार्थक थांबला. तात्या म्हणजे दत्तोबा, यशवंतरावांचे धाकटे भाऊ, सार्थकचे चुलत आजोबा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी शेडमध्ये त्यांचं नाव निघालं की माणसं अजून आवाज खाली आणायची.

तात्या बिनलग्नाचा गडी. पिंपरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं वायरमन होते. तो सोडला आणि भावाच्या शेडमध्ये येऊन बसले. ही शेड उभी आहे तिथं पूर्वी त्यांचं ज्वारीचं वावर होतं. बारक्या वयात तात्यांनी त्या ज्वारीची राखण केली होती, माळ्यावर बसून, हातात गोफण घेऊन. वावर गेलं, शेड आली, राखणदाराची सवय मात्र गेली नाही. कुठल्याशा मासिकाबरोबर एक तबकडी आली, तिच्यात लिनक्स नावाची, संगणक चालवणारी फुकटातली प्रणाली होती, आणि साठीला टेकलेला हा माणूस तिच्यामागं खुळा झाला. जेवताना तेच, चहा घेताना तेच. संगणकाच्या डब्यावर त्यांनी लिनक्सची खूण म्हणून एक पेंग्विन चिकटवला होता. शालनबाई कित्येक दिवस त्याला बदक समजत होत्या.

"इकत घेतलेलं न्हाई, पन आपलं हाय," तात्या त्या प्रणालीबद्दल सांगायचे. "बिघडलं तर कुनाच्या पाया पडायला नगं. आपुन उघडायचं, आपुन नीट करायचं."

शालनबाई तेव्हा पॅकिंगलाच होत्या. एकदा डबा भरता भरता त्या म्हणाल्या, "तात्या, ही पीन वाकडी हाय." तात्यांनी मापून बघितलं, तर केसाएवढा बाक निघाला. नुसत्या बोटांनी कळलेला! दुसऱ्या दिवशी तात्यांनी त्यांना धरून पडद्यापुढं बसवलं. माउस हातात दिला आणि म्हणाले, "आठ दिस फकस्त पत्ते खेळ." संगणकातले पत्ते बरं का. शालनबाई लाजून चूर. पाचव्या दिवशी यशवंतराव मागं येऊन उभे राहिले आणि गरजले, "दत्त्या, पगार दिऊन बाईला पत्तं खेळिवतोस व्हय रं?" तात्या म्हणाले, "तिचा हात बसतुया, दादा. एकदा बसला की वीस वरसं उठायचा न्हाई." यशवंतराव कपाळावर हात मारून गेले. नवव्या दिवशी शालनबाईंनी पहिला डबा पास केला.

आणि राखण्या? तो तात्यांनी संगणकाच्या डब्यात लिहून ठेवलेला एक छोटासा प्रोग्राम. पडदा बिघडला तर माणसानं काही करायचं नाही, संगणकानंच स्वतःला सावरायचं. चित्र उभं राहतंय का, ते राखण्या तीनदा बघायचा. नाही राहिलं, तर ती मांडणी, म्हणजे पडद्याची सेटिंग, सोडून द्यायचा आणि शेवटची चांगली ठेवलेली प्रत काढून लावायचा. तीही नाही चालली, तर तिच्या मागची. त्या प्रती ठेवायचा दिवस ठरलेला होता, खंडेनवमी. सगळी मशीनं बंद, धुऊनपुसून हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ. आणि संगणकाला हार घातला की तात्या एफ नऊचं बटण दाबायचे. त्या दिवशी पडदा जसा चालतोय तशीच्या तशी मांडणी जपून ठेवली जायची. "आवजारं पुजायची म्हंजी काय?" तात्या विचारायचे, आणि स्वतःच सांगायचे, "चांगली चालत्यात त्या दिशी त्यांना ध्यानात ठिवायचं."

पण राखण्याचा एक शत्रू होता, माणसाचा हात. एकेका खेपेला तो पाच मिनिटं घ्यायचा. डबा जुना, स्वतः बंद होऊन स्वतः चालू होणार. घाईचा माणूस तिसऱ्या मिनिटाला बटण दाबायचा, आणि राखण्या बिचारा पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसायचा. आज सकाळपासून पाच वेळा तेच झालं होतं.

"पडदा न्हाई तर कळायचं कसं, तो काय करतोय?" असं एकदा शालनबाईंनीच विचारलं होतं. तात्यांनी मग त्याला आवाज दिला. एक बारीक 'टिंग' म्हणजे बघतोय. एक लांब 'टींऽऽ' म्हणजे ही मांडणी सोडली, मागची घेतो. "तू निस्ती ऐकत बस," ते म्हणाले होते. "आन् हात मांडीवर ठिव."

"ठीक आहे, एक तास," सार्थक घड्याळ बघत म्हणाला. "साडेनऊला मी फोन करणार."

त्यानं बटण दाबलं. शालनबाई खुर्चीत बसल्या आणि हात मांडीवर ठेवले.

टिंग. पाच मिनिटं. टिंग. पाच मिनिटं. टिंग. सार्थक येरझाऱ्या घालत होता. मग लांब टींऽऽ. सार्थकनं काल घातलेला गोंधळ राखण्यानं बाजूला टाकला होता.

"आता येतंय बघा," शालनबाई म्हणाल्या. पुढची प्रत गेल्या खंडेनवमीची. ती त्यांनी स्वतः ठेवली होती. तात्या गेल्यावर हे काम त्यांनी आपल्याकडं घेतलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं तीन प्रती, एकदाही चुकवलं नाही.

टिंग. टिंग. टिंग. आणि टींऽऽ.

शालनबाई खुर्चीत पुढं सरकल्या. चुकून झालं असेल. त्याच्या आदल्या वर्षीची लागेल. पुन्हा पंधरा मिनिटं. एका मशीनवरचा गडी चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली. टिंग, टिंग, टिंग, टींऽऽ.

"दोन प्रती गेल्या," त्या पुटपुटल्या. बाईंना आता मशीनपेक्षा स्वतःचीच भीती वाटायला लागली. आकडे तर चुकलेच, हेही चुकलं की काय? एवढं एकच काम तात्यांनी न सांगता माझ्यावर सोडलं होतं, आणि त्याचीही माती केली? त्यांना तात्यांचा शेवटचा दसरा आठवला. दम लागत होता, तरी स्टुलावर बसून त्यांनी पडद्याला हार घातला होता, दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं सगळ्यांच्या हातावर ठेवली होती. शालनबाईंच्या हातावर पान ठेवताना म्हणाले होते, "सोनं घे. आन् सांभाळ." काय सांभाळ ते बोलले नव्हते. बाईंनी धरलं, की मशीन.

तिसऱ्या प्रतीचा लांब सूर वाजला तेव्हा घड्याळात बरोबर साडेनऊ झाले होते.

"मावशी, तास झाला," सार्थक म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट मऊपणाच होता, आणि तो जास्त लागला. त्याचा हात बटणाकडं गेला.

आता अठरा वर्षांत शालनबाई मालकाला कधी उलटून बोलल्या नव्हत्या. पण त्यांनी डबा दोन्ही हातांनी कवटाळला आणि बटणावर तळहात ठेवला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "दादा, माझ्या तीन सरल्या. आता तात्यांची हाय. तात्यांची तरी बघू द्या! मला काढा, पॅकिंगला टाका, झाडू द्या, पन ही पाच मिनिटं द्या." त्यांचा आवाज शेडभर गेला. शेडमधली दोन मशीनं थांबली, गडी वळून बघू लागले. सार्थकनं हात मागं घेतला. मागच्या भिंतीला टेकून तो उभा राहिला.

टिंग.

डब्यातला पंखा घरघरला. एक मिनिट गेलं, दोन गेली. चौथ्या मिनिटाला काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकली, पडदा एकदा थरथरला आणि उजळला.

शालनबाईंनी तोंडावर पदर धरला. पडद्यावर तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी होती. तात्यांनी मागं लावून ठेवलेला सगळ्यांचा फोटो, झेंडूच्या हारांनी पिवळी झालेली शेड, मधे फेटा बांधलेले यशवंतराव, कडेला तात्या, आणि त्यांच्यामागं अर्ध्या झाकलेल्या शालनबाई. फोटो नव्या रुंद पडद्यावर जरा ताणला गेला होता, त्यामुळं सगळेच चार किलोंनी अंगानं भरलेले दिसत होते. आणि अक्षरं! बोराएवढी अक्षरं, ठळक, काळी, जुन्या ओळखीची. बाईंनी चार महिन्यांत पहिल्यांदा पडद्यावरचा शब्दन् शब्द वाचला.

"एवढं मोठं?" सार्थक पुढं येत हसला. "हां, तात्यांचे डोळे! आठवतं ना मावशी? मला दिसत नाही, मला दिसत नाही, म्हणून त्यांनी सगळं मोठं करून ठेवलं होतं. मी त्यांना चिंचवडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, तर डॉक्टर म्हणाले, आजोबा, तुमची नजर घारीची आहे. किती हसलो होतो आम्ही. नाटकी म्हातारा!"

शालनबाईही हसल्या. त्याही तेव्हा हसल्या होत्या. तेवढ्यात पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली. राखण्यानं आपला हिशेब मांडला होता, वर तीन ओळी:

गेल्या वर्षीची प्रत. पडदा नाही. चिठ्ठी नाही.
त्याआधीची प्रत. पडदा नाही. चिठ्ठी नाही.
त्याआधीची प्रत. पडदा नाही. चिठ्ठी नाही.

"पडदा नाही?" सार्थकनं विचारलं. "म्हणजे प्रत ठेवताना पडदा जोडलेलाच नव्हता? मावशी, तुम्ही ठेवता कशी?"

आणि शालनबाईंच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. तात्या पडद्याला जागेवरच हार घालायचे. बाईंना ते बरं वाटेना. लक्ष्मी ती, तिला पाटावर बसवायला नको? म्हणून दर खंडेनवमीला त्या वायर काढून पडदा उचलायच्या, धुतलेल्या पाटावर बाकीच्या मोजमापाच्या हत्यारांशेजारी मांडायच्या, कुंकू लावायच्या आणि मग इकडं येऊन आंधळ्या डब्याचं एफ नऊ दाबायच्या. टिंग वाजायचं. झालं म्हणून हात जोडायच्या. राखण्यानं इमानेइतबारे जपून ठेवलं होतं, पडदा नाही ते.

"कपाळ माझं!" त्या म्हणाल्या. "पूजा करायला गेले आन् देवालाच उठवून ठिवलं."

"आणि चिठ्ठी म्हणजे काय?" सार्थकनं विचारलं. बाईंनी मान हलवली. चिठ्ठी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. प्रत ठेवताना चौकट येत असेल तर ती पडद्यावर, आणि पडदा पाटावर! मग सार्थकनं खालची चौथी ओळ बघितली आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"खंडेनवमी. पडदा ठीक. अक्षर मोठं ठिवलंय. शालनला बारीक दिसत न्हाई, हात लांब करून वाचती. ती सांगायची न्हाई, भिती..." तो अडखळला. पुढचं त्यानं हळू आवाजात वाचलं. "म्हनून माझंच डोळं गेल्यालं हाईत असं समद्यांना सांगितलंय. सार्थक डाक्टरकडं घिऊन गेला, त्याचा येक दिस मोडला. माझ्या मागारी कुनी अक्षर बारीक करू नगा. दत्तोबा."

शेडमध्ये मशीनं चालू होती, पण दोघांना ती ऐकू येत नव्हती. शालनबाई रडत होत्या, आवाज न करता, पदर तोंडात धरून. म्हातारा स्वतःच्या डोळ्यांवर आळ घेऊन हसं करून घेत राहिला, चारचौघांत नाटकी ठरला, आणि मेला तरी बोलला नाही! आणि त्या दिवशी सगळ्यांबरोबर आपणही फिदीफिदी हसलो, हे आठवून बाईंना जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. सार्थक पडद्याकडंच बघत राहिला होता. दिवाळीनंतर अक्षर बारीक कुणी केलं, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मावशी," तो म्हणाला, "मला का नाही सांगितलं?"

"सोजराबाईला झाडू दिला होता," त्या म्हणाल्या. त्याला काही कळलं नाही, तरी त्यानं मान डोलावली आणि खुर्ची त्यांच्याकडं सरकवली.

मोनिका मॅडम अकराला यायच्या त्या पावणेबाराला आल्या. चाकणच्या चौकात कांद्याचा ट्रक आडवा झाला होता आणि कंपन्यांच्या बसगाड्या एकामागं एक तुंबल्या होत्या. तिशीची, शिडशिडीत, बोलायला थेट बाई. आल्या आल्या परत आलेल्या दोन डब्यांचे कागद त्यांनी टेबलावर ठेवले. "हे कसं झालं, ते मला आज लिहून न्यायचंय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, डिस्प्लेचा प्रॉब्लेम होता," सार्थक पटकन म्हणाला. "आज सकाळीच सापडला. सॉल्व्ह झाला." बोलताना त्यानं शालनबाईंकडं बघितलं, आणि त्या बघण्यात स्पष्ट होतं, की मावशी, मी आहे, तुम्ही गप्प राहा.

आता खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. पडद्याचा दोष होताच. मॅडमनी लेखणी उघडली, ओळ लिहिली की विषय संपला. खुर्ची शाबूत, अब्रू शाबूत. शालनबाईंनी समोर बघितलं. चौकट अजून उघडीच होती. 'ती सांगायची न्हाई' हे शब्द बोराएवढ्या अक्षरांत त्यांच्याकडं बघत होते.

"मॅडम," त्या उभ्या राहिल्या. "पडद्याचा दोष न्हाई. मला जवळचं दिसत नव्हतं. तिनाचे आठ वाचले. दोन्ही डबे माझ्या हातनं गेले, आन् मी कुणाला बोलले न्हाई."

मोनिका मॅडमनी लेखणी थांबवली. सार्थकनं डोळे मिटून घेतले. मॅडमनी पर्समधून एक डबी काढली. तिच्यात दहा पिना होत्या, मापं फक्त त्यांनाच माहीत असलेल्या. एक एक पीन त्यांनी शालनबाईंच्या हातात दिली. बाईंनी कॅमेऱ्याखाली ठेवून आकडा वाचला, न थांबता, न चाचरता. सातवी पीन तर त्यांनी कॅमेऱ्याखाली धरलीच नाही. बोटांत फिरवली आणि म्हणाल्या, "ही वाकडी हाय." मॅडमच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

"चष्मा कधी घेताय?" त्यांनी विचारलं.

"आज सांजच्याला. चिखलीत घराशेजारीच दुकान हाय."

"घ्या. आणि सार्थक, यंत्राचं माप दरवर्षी तपासून सर्टिफिकेट लावता तुम्ही भिंतीवर. जवळच्या नजरेचंही लावा, सगळ्यांच्या." त्यांनी कागदावर लिहिलं, कारण सापडलं, उपाय केला, आणि चहा न घेताच गेल्या. चौक पुन्हा तुंबायच्या आत त्यांना चाकण गाठायचं होतं.

सार्थक दारापर्यंत जाऊन परत आला. "भंगारवाल्याला फोन करायचा राहिला, तो राहू दे," तो म्हणाला. "एक तारखेचंही विसरा. पण मावशी, खंडेनवमीची वाट नको. आत्ताच एक प्रत ठेवा."

शालनबाईंनी आधी मागं हात घालून पडद्याची वायर चाचपली. घट्ट होती. मग त्यांनी एफ नऊ दाबलं. टिंग वाजलं आणि पडद्यावर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ती चौकट दिसली. चिठ्ठी, असं लिहिलं होतं, आणि पुढं रिकामी जागा लुकलुकत होती. किबोर्डवर तात्यांनी चिकटवलेली मराठी अक्षरं निम्मी झिजली होती. बाई एका बोटानं एकेक अक्षर शोधत राहिल्या. सार्थकला वाटलं, तारीख लिहीत असतील, नाव लिहीत असतील. तो वाकून बघायला गेला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात मांडीवर ठेवले. चिठ्ठीत दोनच शब्द होते.

तात्या, सांगितलं.